चाळिशीत अंडाशय गेल्यावर: कोरडेपणा, दुखणं आणि हरवलेली इच्छा

जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवणाऱ्या ४२ वर्षांच्या एक बाई लघवीच्या जळजळीसाठी आल्या. वर्षभरात अँटिबायोटिकचे तीन कोर्स झालेले. फाइलमध्ये लघवीच्या कल्चरचे दोन रिपोर्ट होते आणि दोन्हींत जंतू वाढलेले नव्हते. तरी दर वेळी गोळ्या बदलून मिळाल्या होत्या. (हे प्रकरण कुणा एकीचं नाही. एकाच प्रकारची तक्रार घेऊन येणाऱ्या बायकांच्या हकिगतींवरून ते जुळवलं आहे. गाव, शाळा, नातेवाईक यांवरून कुणाला ओळखायचा प्रयत्न करू नये.)

कल्चर स्वच्छ आणि जळजळ कायम, असं दिसलं की मी पाळीबद्दल विचारते. त्या म्हणाल्या, "पाळीचा काय प्रश्न मॅडम, चौदा महिन्यांपूर्वी पिशवी काढली." गाठी होत्या, अंगावरून फार जायचं, हिमोग्लोबिन सातवर आलं होतं. ऑपरेशननंतर रक्तस्राव थांबला, रक्त भरलं, आणि त्याबद्दल त्या खरोखर समाधानी होत्या. मात्र ऑपरेशनला दोन आठवडे होतात न होतात तोच अंगातून वाफा यायला लागल्या. वर्गात फळ्याकडे तोंड करून उभं असताना पाठीवरून घाम ओघळायचा. रात्री तीन-चारदा जाग यायची. कशानंही रडू यायचं, म्हणून एका फिजिशियननी एस्सिटालोप्राम ही नैराश्यावरची गोळी सुरू केली होती. ती घेऊन रडू कमी झालं. बाकी सगळं होतं तसंच राहिलं.

"आणि संबंध?" मी विचारलं.

"ते तर बंदच आहे."

"दुखतं म्हणून, की मन होत नाही म्हणून?"

त्यांनी जरा वेळ घेतला. "आधी दुखायचं. जळायचं, दुसऱ्या दिवशी लघवीलाही त्रास. मग मनच होईना. आता ते झोपेत नुसते कुशीवर वळले तरी मी श्वास रोखून धरते."

हा क्रम मी कागदावर जसाच्या तसा लिहून घेतला. नुसतं "इच्छा कमी" असं लिहिलं असतं तर उपचाराची दिशाच चुकली असती.

कागदांत काय होतं

ओव्हरी काढल्या का, या प्रश्नावर त्यांचं उत्तर होतं, "नाही, फक्त पिशवी." डिस्चार्ज कार्डावर मात्र "टीएएच विथ बीएसओ" असं लिहिलेलं होतं. म्हणजे पोटावर छेद घेऊन गर्भाशय, आणि सोबत दोन्ही बाजूंच्या नळ्या व अंडाशय. बायोप्सीच्या रिपोर्टमध्ये गर्भाशयात ॲडेनोमायोसिस (आतलं अस्तर स्नायूत शिरणं) आणि तीन फायब्रॉइड, म्हणजे गाठी होत्या. दोन्ही अंडाशयांपुढे "विशेष दोष नाही" अशा अर्थाचं एक वाक्य. चाळिशी नुकतीच ओलांडलेल्या बाईचे दोन निरोगी अंडाशय गेले होते आणि तिला ते ठाऊक नव्हतं.

असं का होतं, हे व्यवसायात असल्यामुळे मला कळतं. पुन्हा पोट उघडायला लागू नये, पुढे तिथे गाठ किंवा कॅन्सर होऊ नये, हा विचार त्यामागे असतो. घराण्यात स्तनाचा किंवा अंडाशयाचा कॅन्सर असेल, जनुकीय दोष सापडला असेल, तर हा विचार बरोबरच आहे. सर्वसाधारण जोखमीच्या बाईत मात्र अंडाशयाच्या कॅन्सरचा आयुष्यभराचा धोका शंभरात एकीच्या आसपास किंवा त्याहूनही कमी असतो. दुसऱ्या पारड्यातही बरंच काही आहे. अमेरिकेतल्या परिचारिकांच्या दीर्घ पाहणीत, २००९ साली छापलेल्या निष्कर्षांनुसार, गर्भाशयासोबत दोन्ही अंडाशय काढलेल्या बायकांत अंडाशयाचा आणि स्तनाचा कॅन्सर कमी होता, पण हृदयविकार आणि एकूण मृत्यू जास्त होते. अमेरिकेतल्याच मेयो क्लिनिक या रुग्णालयाच्या अभ्यासांतही ४५च्या आत अंडाशय गेलेल्या आणि नंतर इस्ट्रोजेन (अंडाशयात बनणारं हार्मोन) न मिळालेल्या बायकांचं चित्र चांगलं नव्हतं. माझं मत स्पष्ट आहे: पाळी चालू असलेल्या बाईचे निरोगी अंडाशय "उघडलंच आहे तर" म्हणून काढू नयेत, आणि काढलेच तर तिला तोंडी सांगून, पुढच्या औषधाची चिठ्ठी हातात देऊनच घरी पाठवावं.

गर्भाशय काढण्यालाच सगळा दोष देणंही चूक ठरेल. १९९९ साली अमेरिकेतल्या मेरीलँडमधल्या अकराशेहून अधिक बायकांच्या पाहणीत, गर्भाशय काढल्यानंतर संबंधांतलं दुखणं कमी झालं आणि संबंधांचं प्रमाण वाढलं असं दिसलं होतं. जिच्या पोटात महिनाभर कळा आणि रक्तस्राव होता तिचं बरंच ओझं उतरतं. काहींना कळसाच्या वेळची गर्भाशयाची आकुंचनं आता जाणवत नाहीत, तेवढा फरक राहतो. आमच्या बाईंची अडचण अंडाशयांशी निगडित होती.

नैसर्गिक रीतीने पाळी जाताना हार्मोन काही वर्षं चढउतार करत कमी होतात. भारतीय बायकांत हे साधारण ४६-४७च्या सुमारास पुरं होतं. ऑपरेशनमध्ये हाच बदल भुलीतून जागं होईपर्यंत घडून जातो. शिवाय आणखी एक गोष्ट आहे जी सहसा सांगितली जात नाही. पाळी आपोआप गेल्यावरही अंडाशय काही वर्षं थोडं टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुष-हार्मोन म्हणून ओळखलं जाणारं आणि इच्छेशी जोडलेलं हार्मोन, बनवत राहतात. ते काढले की इस्ट्रोजेनसोबत टेस्टोस्टेरॉनही जवळपास निम्म्यावर येतं. उरलेलं मूत्रपिंडावरच्या ॲड्रिनल ग्रंथींच्या भरवशावर.

तपासणी

तपासणीआधी मी त्यांना सांगितलं की दुखलं तर हात वर करा, मी तिथेच थांबेन. योनी उघडून पाहायचं साधन, स्पेक्युलम, सर्वांत लहान घेतलं. योनीचं अस्तर फिकट, पातळ, घड्या सपाट झालेल्या. कापसाचा बोळा टेकवला तरी बारीक रक्ताचे ठिपके येत होते. आम्लता मोजायची पट्टी साडेसहा दाखवत होती (आकडा जितका मोठा, तितकं आम्ल कमी). पाळी चालू असताना हा आकडा साडेचारच्या खाली असतो. इस्ट्रोजेन आटलं की पेशींमधलं ग्लायकोजेन कमी होतं, त्यावर जगणारे लॅक्टोबॅसिलस जंतू कमी होतात आणि आम्ल बनत नाही. मूत्रमार्गाच्या तोंडाचं अस्तरही त्याच इस्ट्रोजेनवर पोसलेलं असतं. जळजळीचं उत्तर तिथेच होतं. २०१४पासून या सगळ्या लक्षणांना मिळून जननमूत्रमार्गाचा सिंड्रोम म्हणतात.

आत टाक्यांची रेषा छान भरली होती. एका बोटाने ओटीपोटाच्या तळाचे स्नायू तपासले तेव्हा दोन्ही बाजूंना ते घट्ट आवळलेले, दाबल्यावर दुखणारे. वारंवार दुखल्यावर शरीर आपोआप आकसून घ्यायला शिकतं, आणि आकसलेल्या जागी पुन्हा दुखतं. नुसतं मलम दिलं की कोरडेपणा जातो, हे आकसणं जात नाही.

वजन ७० किलो, उंची १५२ सेंटिमीटर, रक्तदाब ठीक. साखर, थायरॉइड, यकृत, चरबीच्या तपासण्या केल्या. ड जीवनसत्त्व कमी होतं, बाकी काही नाही. मॅमोग्राम स्वच्छ. हाडांच्या डेक्सा तपासणीत मणक्याचा टी स्कोअर उणे १.६, म्हणजे हाडं विरळ व्हायला लागलेली. अंडाशयांचं काम थांबलंय का हे सांगणारी एफएसएच ही रक्ततपासणी मी केलीच नाही. दोन्ही अंडाशय पॅथॉलॉजीच्या बरणीत जाऊन आल्याचा लेखी पुरावा असताना रक्तातून तेच शोधण्यात पैसे कशाला घालायचे?

पुढच्या भेटीला यजमानांनाही बोलावलं. आधी त्यांच्याशी एकट्याने बोलले. ऑपरेशननंतर घरातल्या वडीलधाऱ्या बाईंनी "आता तिला त्रास देऊ नकोस, आतले टाके असतात" असं सांगितलं होतं. सुरुवातीच्या एक-दोन वेळा ती कळवळली, म्हणून तेही मागे सरले. टाके सुटतील ही भीती त्यांनी वर्षभर मनात धरली होती, आणि बाईंनी त्याचा अर्थ लावला होता की आता आपल्यात काही उरलं नाही म्हणून ते जवळ येत नाहीत. योनीतले टाके आठ आठवड्यांत भरतात आणि त्यानंतर संबंधाने सुटत नाहीत, हे मी चित्र काढून दाखवलं. त्यावर ते म्हणाले, "हे तेव्हाच कुणी सांगितलं असतं तर..." आणि थांबले.

आधी दुखणं

मी ठरवलेला क्रम असा होता: दुखणं, झोप, चालू असलेली गोळी, आणि शेवटी इच्छा. बाईंना घाई इच्छेची होती. पण दुखणाऱ्या गोष्टीची इच्छा कुणालाच होत नसते, आणि व्हावी तरी का?

योनीत लावायचं इस्ट्रिऑलचं (इस्ट्रोजेनचाच एक सौम्य प्रकार) क्रीम पहिले दोन आठवडे रोज रात्री, मग आठवड्यातून दोनदा, आणि हे चालूच ठेवायचं. सोबत दिवसाआड मॉइश्चरायझर. सहा आठवडे प्रवेशाचा प्रयत्न करायचा नाही, अशी दोघांसमोर स्पष्ट बंदी घातली. बंदी असली की स्पर्शाची भीती जाते, कारण तो स्पर्श कुठे पोचणार हे ठाऊक असतं. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सैल सोडण्यासाठी फिजिओथेरपिस्ट गाठली. जिल्ह्याच्या ठिकाणी हे काम जाणणारी सहजी मिळत नाही. केगल व्यायाम सगळ्यांना माहीत असतात, पण ते आवळण्याचे. इथे उलटं, पोटात श्वास भरून सोडायला शिकायचं होतं.

क्रीम घेऊन त्या घरी गेल्या आणि तिसऱ्या दिवशी फोन आला. खोक्यातल्या कागदावर कॅन्सर, पक्षाघात, हृदयविकार असं सगळं छापलेलं. भावाने वाचून दाखवलं होतं. त्या कागदाचा उगम समजावून सांगावा लागला. पाळी गेलेल्या बायकांना हार्मोन देऊन केलेल्या विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह या अमेरिकी चाचणीचा इस्ट्रोजेन व प्रोजेस्टिनचा (प्रोजेस्टेरॉनसारखं औषध) भाग २००२ साली थांबवला गेला आणि जगभर बायकांनी हार्मोन फेकून दिले. त्या चाचणीतल्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं. गर्भाशय काढलेल्या बायकांचा, फक्त इस्ट्रोजेनचा भाग वेगळा होता. तो २००४ साली पक्षाघाताचं प्रमाण वाढल्यामुळे थांबला, पण त्यात स्तनाचा कॅन्सर वाढलेला नव्हता, आणि २०२० साली छापलेल्या दीर्घ पाठपुराव्यात तर तो कमीच दिसला. योनीत लावायच्या क्रीममधून रक्तात जाणारं प्रमाण इतकं थोडं असतं की गोळ्यांसाठीचे इशारे त्याला लावणं गैर होतं. नोव्हेंबर २०२५मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने अशा ठळक इशाऱ्यांना हटवायचं जाहीर केलं. त्यांच्या मावशीला ६८व्या वर्षी स्तनाचा कॅन्सर झाला होता, तेही विचारात घेतलं. उतारवयातली अशी एकच लांबची नातलग असणं हे उपचार नाकारायचं कारण ठरत नाही. स्वतःला स्तनाचा कॅन्सर, पायात किंवा फुप्फुसात गुठळी, पक्षाघात, यकृताचा चालू आजार, यांपैकी काही असतं तर गोष्ट निराळी होती.

अंगभर लागणारं इस्ट्रोजेन

क्रीम फक्त जागेवर काम करतं. वाफा, झोप, हाडं, हृदय यांच्यासाठी ४२व्या वर्षी शरीराला इस्ट्रोजेन परत द्यायलाच हवं, निदान पाळी नैसर्गिकपणे गेली असती त्या वयापर्यंत. अशा बाईत हार्मोन म्हणजे वेळेआधी हिरावलेलं परत करणं. पासष्टीच्या बाईला ते नव्याने सुरू करण्याशी त्याची तुलना होऊ शकत नाही.

गर्भाशयाचं अस्तर इस्ट्रोजेनने वाढू नये म्हणून सोबत प्रोजेस्टेरॉन देतात; गर्भाशयच नसल्यामुळे त्याची गरज नव्हती. बायोप्सीत एन्डोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखे तुकडे गर्भाशयाबाहेर वाढणं) निघाला असता तर मी ते जोडलं असतं, कारण पोटात उरलेले तुकडे नुसत्या इस्ट्रोजेनवर पुन्हा वाढू शकतात. म्हणून बायोप्सीचा कागद जपून ठेवा, असं मी प्रत्येकीला सांगते.

गोळी की जेल, यावर बरंच बोलणं झालं. गोळी स्वस्त, सहज मिळणारी. पण पोटातून गेलेलं इस्ट्रोजेन आधी यकृतात पोचतं. तिथे रक्त गोठवणारे घटक वाढतात. वजन जास्त असलेल्या बाईत ते टाळलेलं बरं. शिवाय यकृत एक प्रथिन जास्त बनवू लागतं, जे टेस्टोस्टेरॉनला पकडून ठेवतं. म्हणजे आधीच निम्मं झालेलं टेस्टोस्टेरॉन आणखी निरुपयोगी. इच्छेची तक्रार असलेल्या बाईला गोळी देताना हा हिशेब केलाच पाहिजे. टिबोलोन ही हार्मोनसारखं काम करणारी गोळी हा तिसरा पर्याय होता. त्याच्या अंगी थोडं पुरुष-हार्मोनसारखं काम असतं आणि इच्छेवर त्याचा परिणाम दिसतो. साठीपुढच्या बायकांत त्याने पक्षाघात वाढल्याचं दिसलं आहे. ४२ला तो तितका आडवा येत नाही. तरी वजन आणि गुठळीचा विचार करून आम्ही एस्ट्राडायॉलचं (अंडाशयांत बनणारं मुख्य इस्ट्रोजेन) जेल निवडलं, रोज दोन पंप, म्हणजे दीड मिलिग्रॅम, दंडावर किंवा मांडीवर.

जेल महाग पडतं, हेही सांगायला हवं. या बाईंना पगार आहे. २०१९ साली बीड जिल्ह्यात ऊसतोड मजूर बायकांची पाहणी झाली तेव्हा ८२,३०९ जणींपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली होती. कोयता घेऊन सहा महिने फडावर राहणाऱ्या बाईला दरमहा जेल लिहून देण्यात अर्थ नसतो. तिथे मी एस्ट्राडायॉल व्हॅलरेटची गोळी देते, गुठळीचा धोका तपासून. काहीच न देण्यापेक्षा ती शतपट बरी.

महिनाभरात वाफा ओसरल्या. बाई सलग झोपायला लागल्या, आणि फिजिशियनांशी बोलून एस्सिटालोप्राम हळूहळू उतरवायला घेतलं. या गटातली औषधं इच्छा आणि कळस दोन्ही मंद करतात. पण ती एकदम तोडायची नसतात, म्हणून त्याला दोन महिने लागले.

मधल्या काळात शहरातल्या एका दवाखान्यात त्यांना कोरडेपणावर योनीच्या लेझरचं पॅकेज सुचवलं गेलं. मी जाऊ नका म्हणाले. अमेरिकेच्या नियामकाने २०१८मध्येच अशा जाहिरातींविरुद्ध इशारा दिला होता, आणि २०२१ साली छापलेल्या चाचणीत लेझर आणि लेझरचं नुसतं सोंग यांत वर्षभरानंतर फरक सापडला नाही.

दुखणं गेलं, पुढे?

तीन महिन्यांनी आम्लतेची पट्टी पाचच्या खाली आली. अस्तर गुलाबी. लघवीची जळजळ एकदाही परतली नव्हती, अँटिबायोटिकशिवाय. सिलिकॉनचं वंगण वापरून संबंध झाले होते, दुखलं नव्हतं. यजमान खूश होते. बाई म्हणाल्या, "दुखत नाही आता. पण आठवणही येत नाही. त्यांनी हात पुढे केला तर मी नाही म्हणत नाही, इतकंच."

इथे मी एक प्रश्न विचारतेच: याचा त्रास कुणाला होतोय? इच्छा कमी असणं हा आजार नाही. बाईला स्वतःला त्याची खंत वाटत असेल तरच त्यावर औषध. नवऱ्याची तक्रार म्हणून बायकोला हार्मोन देणं मला मान्य नाही. त्या म्हणाल्या, "मला होतोय. पूर्वी मी अशी नव्हते. मला ती मी परत हवीये." एस्सिटालोप्राम पूर्ण थांबून काही आठवडे जाऊ द्यायचे, असं ठरलं. थोडा फरक पडला, पुरेसा नाही.

मग टेस्टोस्टेरॉन. या विषयाचा इतिहास बहुतेक अशाच बायकांचा आहे. २००० साली अमेरिकेत अंडाशय काढलेल्या ७५ बायकांवर टेस्टोस्टेरॉनच्या, कातडीवर चिकटवायच्या पट्टीची चाचणी झाली. रोज ३०० मायक्रोग्रॅमच्या पट्टीने फायदा दिसला, पण औषध नसलेल्या पट्टीनेही बराच दिसला. २००४ साली अमेरिकी नियामकाच्या सल्लागारांनी दीर्घकालीन सुरक्षिततेची माहिती अपुरी म्हणून पट्टी नाकारली. युरोपात २००६ साली ती नेमकी याच बायकांसाठी मंजूर झाली, पण पुढे बाजारातून गेली. २०१९ साली ३६ चाचण्यांचा एकत्रित आढावा आला. फायदा खरा होता, पण माफक: महिन्याला समाधानकारक संबंधाची सरासरी सुमारे एक वेळ वाढ. त्याच वर्षी अनेक देशांच्या संस्थांनी मिळून सांगितलं की पाळी गेलेल्या बाईत इच्छेच्या त्रासदायक अभावासाठीच ते द्यावं, रक्तातला आकडा बघून निदान करू नये, आणि इंजेक्शन किंवा कातडीखालच्या गोळ्या टाळाव्यात.

ऑस्ट्रेलियात बायकांसाठीचं क्रीम आहे. आपल्याकडे पुरुषांसाठीचं जेलच दहाव्या हिश्शाने वापरावं लागतं, आणि ते मंजुरीबाहेरचं असतं. हे मी कागदावर लिहून, दोघांची सही घेऊन दिलं. १ टक्क्याच्या जेलचं ५ ग्रॅमचं पाकीट साधारण दहा दिवस पुरवायचं, वाटाण्याएवढं रोज पोटरीवर. हात साबणाने धुवायचे, ती जागा घरातल्या लहान मुलाला लागू द्यायची नाही. आधी आणि पाच आठवड्यांनी रक्त तपासलं, तेही पातळी बायकांच्या मर्यादेबाहेर जात नाही ना एवढ्याचसाठी. पाकीट अख्खं लावलं तर आवाज घोगरा होऊ शकतो, आणि तो परत येत नाही. डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय यात हात घालू नये.

चार महिन्यांनी हनुवटीवर पुटकुळ्या आणि पोटरीवर जेलच्या जागी जरा दाट केस, एवढे दुष्परिणाम होते. जागा बदलून लावायला सांगितलं. फायद्याबद्दल त्या म्हणाल्या, "महिन्यातून एखाद-दुसऱ्या वेळी मलाच वाटतं. कधी शाळेतून येताना एसटीतच आठवतं." यात औषध किती, झोप किती आणि नवऱ्याशी पुन्हा सुरू झालेलं बोलणं किती, हे वेगळं काढता येणार नाही, आणि मी तसा दावाही करत नाही.

याच भेटीत त्यांनी जावेची फाइल आणली होती. तीही ४३, तिलाही गाठी, ऑपरेशन ठरलेलं. कॅन्सरची काळजी असेल तर गर्भाशयासोबत नळ्या काढून अंडाशय ठेवता येतात, असा पर्याय मी लिहून दिला. जाऊ ते घेऊन स्वतः सर्जनशी बोलली.

बाईंचं पुढचं असं ठरलं आहे. एस्ट्राडायॉलचं जेल पन्नाशीपर्यंत, मग दर वर्षी नव्याने विचार. इस्ट्रिऑलचं क्रीम त्यानंतरही. डेक्सा दोन वर्षांनी. टेस्टोस्टेरॉनला सहा महिने पुरे झाले की महिनाभर थांबवून बघायचं. फरक पडला नाही तर परत सुरू करायचं नाही. त्या म्हणाल्या, परीक्षा संपू देत, मग थांबवू.